ट्रकला लागलेलं वारं

"निघालं, निघालं! बाहेर निघालं!"

असा गलका झाला आणि अंगणातली सगळी गर्दी दोन पावलं मागे सरली. न जाणो, ट्रकमधून निघालेलं वारं जाता जाता आपल्याच अंगात शिरायचं! शिंपी तर आपल्या बायकोच्या मागे लपला. समोर लांब नाकाचा जुना डिझेल ट्रक धडधडत होता, धूर ओकत होता. त्याच्या नाकाशी कमरेवर हात ठेवून फुंकरबाबा उभे होते. जणू ते इंजिन त्यांनीच पोटात वाढवलं होतं.

मी समोरच्याच घरात राहतो. उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेला, म्हणून गल्ली मला मास्तर म्हणते. माझं बोट धरून माझी नात उभी होती. तिच्या वयाला प्रश्न संपत नाहीत आणि माझ्या वयाला उत्तरं द्यायला वेळच वेळ असतो, त्यामुळे आमचं छान जमतं.

ट्रक समोरच्या काकूंचा. चालवायचा त्यांचा मुलगा. त्याचा पाय मोडला, तो खाटेवर पडला, तेव्हा त्याच्या बायकोनं पदर खोचला, परवाना काढला आणि ट्रकचं चाक हाती घेतलं. पोरगी चालवायचीही झकास. पण पुढे ट्रक रोज सकाळी रुसू लागला. चावी फिरवली की नुसतं घुर्र घुर्र करायचा आणि गप्प बसायचा. मग कुणीतरी फुंकरबाबांचं नाव सुचवलं. दुसऱ्याच्या घरात बाबा आणून सोडणाऱ्यांची आपल्याकडे कधीच टंचाई नसते.

बाबांनी ट्रकला एक फेरी मारली, डोळे मिटले आणि निकाल दिला, "गाडीला वारं लागलंय. बाईमाणसाचा हात लागला, तिथंच घात झाला."

झालं! काकूंनी सुनेच्या हातातून चावी काढून घेतली आणि आपल्या कनवटीला खोचली. सकाळी बाबांनी वारं उतरवलं की काकूंचा एक भाचा ट्रक घेऊन जाई आणि सून दारात उभी राहून बघत राही.

वारं उतरवण्याचा सोहळा असा. बॉनेट उघडायचं. वरून काळी चादर टाकायची. बाबांनी चादरीत शिरायचं. मग आतून आवाज येई, "पूर्वेचा वारा, पश्चिमेचा वारा, नळीतला वारा, निघून जा सारा!" शेवटी एक जोरदार फुंकर. भाचा चावी फिरवी आणि ट्रक खरोखरच चालू होई. फक्त हे वारं मोठं चिकाटीचं होतं. आज उतरलं की उद्या पुन्हा हजर. त्यामुळे बाबाही रोज हजर, आणि त्यांची दक्षिणाही.

त्यातच नवीन कहर झाला. वारं परत येऊ नये म्हणून बाबांनी केबिनमध्ये गिअरच्या दांड्याखालचा पत्रा उचलून आत कुठेतरी 'बंधन' बांधलं. तेव्हापासून पायाखालचा पत्रा तव्यासारखा तापू लागला.

"बघा!" बाबा म्हणाले. "इंजिनातून हाकललं, ते गिअरबॉक्समध्ये दडून बसलं. या घरातल्या बाईनं जन्मात पुन्हा चाक धरणार नाही अशी शपथ घेतली, तरच सुटेल."

शपथेसाठी दुसऱ्या दिवशीची सकाळ ठरली.

घरी येताना नात म्हणाली, "आजोबा, बाबा 'वारा' म्हणतात ना, तेव्हा चादरीतून कुच्च वाजतं. दर वेळी."

गर्दीत एवढे कान होते, पण ऐकलं फक्त या दोन छोट्या कानांनी! मी तिला शाबासकी दिली. मग सरबताचा पेला दिला, आणि त्यातल्या नळीला वरच्या बाजूला टाचणीनं भोक पाडून दिलं.

"ओढ."

"अहो, नुसती हवाच येतेय तोंडात! फुसफुस!"

"आणि भोकातून सरबत गळतंय का?"

तिनं नळी निरखली. "नाही. बाहेर काहीच येत नाही, हवाच आत जाते."

तेवढ्यात काकूंची सून आली, डोळे पुसत. तिनं हा खेळ पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. "अहो मास्तर! सगळे ड्रायव्हर म्हणतात ना, गाडीनं हवा घेतली! टाकीकडून डिझेल ओढणारा रबरी पाइप कुठेतरी चिरला असणार, रात्रभरात तिथून हवा शिरते. मी गळती शोधत बसले. पाइप बाहेरून कोरडा, म्हणून सोडून दिला. इंजिनाच्या बाजूला हातपंप असतो, तो दाबला की आतली हवा निघते. बाबा चादरीत तेच करतोय, मेला!"

"मग सांग सासूबाईंना."

"मी सांगितलेलं त्यांना पटेल? बॉनेटला बोट लावलं तर घर डोक्यावर घेतील."

"बोट लाव. घराचं मी बघतो."

सकाळी गल्ली लोटली. बाबा चादर पसरू लागले, तेव्हा मी पुढे झालो.

"बाबा, आज चादर नको. आणि जरा लांबून फुंका. त्या फाटकापाशी उभे राहून."

"लांबून शक्ती पोचत नाही, मास्तर."

"अरेच्चा! चार पावलं पोचत नाही ती फुंकर वाऱ्याला मुलुखाबाहेर कशी काय हाकलते?"

लोक हसले. हसणाऱ्या गर्दीपुढे बाबा लोकांची जरा पंचाईत होते. बाबांनी फाटकापासून मंत्र म्हटला, गाल फुगवून फुंकर मारली. भाच्यानं चावी फिरवली. घुर्र घुर्र. आणि गप्प.

"इथं नास्तिकाची सावली पडलीय," बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

"सावलीला डिझेल लागत नाही हो, इंजिनाला लागतं," मी म्हणालो. "काकू, तुमच्या सुनेला एकदाच बघू द्या. नाही जमलं तर मीसुद्धा शपथ घेतो, जन्मात चाक धरणार नाही म्हणून."

"तुम्हाला सायकल तरी येते का?" काकू फणकारल्या. पण खाटेवरून मुलगा खिडकीतून ओरडला, "आई, बघू दे तिला!" तेव्हा त्या तोंड फिरवून उभ्या राहिल्या. आमच्या काकूंची परवानगी अशीच असते.

सुनेनं फिल्टरवरचा एक छोटा स्क्रू सैल केला आणि सगळ्यांसमोर हातपंप दाबू लागली. कुच्च, कुच्च. माझी नात आनंदानं ओरडली, "हाच तो आवाज!" स्क्रूपाशी फसफसत फेस आला. बुडबुडे फुटत राहिले, मग फेस सरला आणि स्वच्छ डिझेलची धार लागली. तिनं स्क्रू आवळला.

"पाहिलंत का वारं?" ती म्हणाली. "हे बुडबुडे, एवढंच."

चावी फिरली आणि ट्रक धडधडला. शिंपी बायकोच्या मागून बाहेर आला.

पण बाबा मुरलेले होते. "इंजिनातलं माझ्याच कालच्या पुण्याईनं गेलं. गिअरबॉक्समधलं काढून दाखव! जा टेकडीपर्यंत. पत्रा तापला नाही तर नाव बदलीन."

"सासूबाई, तुम्हीही चला," सून म्हणाली. काकू कुरकुरत केबिनमध्ये चढल्या.

ट्रक परत आला तेव्हा काकू पाय वर घेऊन बसल्या होत्या. "अगं बाई, पोळले गं! बाबा म्हणतात ते खरंच की!"

बाबांच्या चेहऱ्यावर तेज चढलं. सुनेनं इंजिन बंद केलं. तिनं गिअरच्या दांड्याखालचा पत्रा उचलला, हाताला फडकं गुंडाळलं आणि आतून एक काळं कापड खेचून काढलं.

फुस्स!

काकू दचकल्या. "हे काय सुटलं?"

"कोंडलेला श्वास. गिअरबॉक्सच्या डोक्यावर हवेला ये-जा करायला एक तोंड असतं. यांनी बंधन म्हणून नेमकं तेच बांधून टाकलं. ऑइल तापलं, आत दाब वाढला, आणि सील, म्हणजे ऑइल अडवणारं रबरी कडं, ढकलून ऑइल खाली गळालं. ऑइल कमी, म्हणून आणखी ताप. खाली वाकून बघा, सगळं ओलं आहे."

नात आधीच वाकली होती. "खूप ओलं आहे! काळं काळं!"

म्हणजे पहिला रोग साधा, आणि दुसरा वैद्यानं दिलेला! हातपंप कुठे असतो हे ज्याला अंधारात चादरीखाली सापडतं, त्यानं मंत्र शिकण्याआधी कुठल्या तरी ट्रकवर क्लीनरकी केली असणार. ती करत राहिला असता तर इमानाची भाकर खाल्ली असती. मी त्यांना नवीन नाव काय ठेवणार ते विचारायला वळलो, तर फाटक नुसतंच हलत होतं. चादर मात्र तिथंच पडली होती. सुनेनं तिचा ऑइल पुसायला उपयोग केला. त्या चादरीनं केलेलं ते पहिलं खरं काम.

रबरी पाइप बदलला. टाकीच्या बाजूला बोटभर चीर निघाली. नवीन सील बसलं, गिअरबॉक्समध्ये ऑइल भरलं. ट्रक सकाळी एका चावीत चालू होऊ लागला आणि पत्रा नुसता कोमट राहू लागला.

मुलांनो, त्या दिवशी अंगणात अडाणी कुणी नव्हतं. सगळ्यांना डोळे होते, कान होते. त्यांनी ते चादरीबाहेर ठेवले, एवढंच. म्हणून कुणी चादर पसरून चमत्कार दाखवू लागला, तर हात जोडण्याआधी चादर उचला. आणि कुणी संकटाचं खापर घरातल्या एखाद्या माणसावर फोडू लागला, तर त्या माणसाआधी पाइप तपासा.

 'चुकलं' हा शब्द काकूंच्या तोंडात बसत नाही. त्यांनी कनवटीची चावी काढून सुनेच्या हातात दिली, स्वतः शेजारी चढून बसल्या आणि पाय निवांत पत्र्यावर ठेवत म्हणाल्या, "काच खाली कर गं. जरा वारं लागू दे."