वटवाघळांची वास्तू

वटवाघळांसाठी जमिनीखाली घर! अख्ख्या परदेशीपुरा मोहल्ल्याला हसायला एवढं पुरलं. शेजारचे उदयसिंह तर रोज कुंपणावरून विचारत, "भाभीजी, बिजली का कनेक्शन भी लगेगा क्या?" पण अरुंधती कसली ऐकतेय! मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची, नि हट्टाला पेटली की पेटली.

मामला असा होता. मध्यप्रदेश नुकता झालेला, जिकडेतिकडे नवं बांधकाम. मागच्या गिरणीतल्या तळघरात वर्षानुवर्षं निजणारी वटवाघळं बेघर होणार होती. संध्याकाळी ती बाहेर पडली की गवंडी तळघराचं तोंड लिंपणार, बस्स! म्हणून अरुंधतीनं परसात खड्डा खणवला, खडबडीत विटांच्या भिंती उभारल्या, वर फरशा नि माती, आणि माणूस रांगत जाईल एवढंच तोंड. ओळखीचा वास यावा म्हणून जुन्या तळघरातल्या लेंड्या घमेलंभर आणून पसरल्या. नवरा श्रीकृष्ण नाक दाबून म्हणाला, "क्या बात है, अत्तर!"

तळघर लिंपलं. पहाटे वटवाघळं परतली, बंद भिंतीपाशी घिरट्या घालून परसाकडे वळली, नव्या तोंडाशी आली आणि गर्रकन मागे फिरली! पुन्हा आली, पुन्हा फिरली. अरुंधती तिकडे धावली. फटफटायला लागलं होतं, कावळे जागे झाले होते. वाकून बघते तर काय, आत कोनाड्यात निरांजन तेवतंय!

"मीच लावलं," सासूबाई द्वारकाबाई कौतुकानं म्हणाल्या. "नवं घर पहिल्याच दिवशी अंधारात ठेवायचं? शोभतं का?"

"अहो आई, त्यांना उजेड चालत नाही! फुंकर मारते मी."

"खबरदार! वास्तूतला पहिला दिवा फुंकायचा? भलतंच काहीतरी!"

श्रीकृष्णाला हसू आवरेना, अरुंधतीला रडू.

"पाया पडते, आई. उजाडलं की कावळे फाडतील हो एकेकाला!"

द्वारकाबाईंनी वर पाहिलं. पोटाशी पिल्लू घेऊन एक वटवाघूळ भिंतीवर धडपडत होतं. वटवाघळं केसांत अडकतात म्हणून जन्मभर धास्तावलेली ती बाई "अगं बाई गं!" म्हणत खाली बसली, रांगत आत शिरली आणि निरांजन पदराआड धरून बाहेर आली. तोच डोक्यावरून फडफड, फडफड, फडफड! अख्खी वरातच आत घुसली. पदर घसरला, अंबाडा सुटला, अरुंधती तर टाळ्या पिटत नाचायलाच लागली.

"या, या!" द्वारकाबाई निरांजन सावरत ओरडत होत्या. "अरे ढकलाढकली करू नका! लेकुरवाळीला आधी जाऊ द्या!"