डब्यातलं पाणी

सायलीचं बारसं झालं त्याच साली, म्हणजे दोन हजार तेवीसला, तिच्या बापाच्या दोन्ही किडन्या गेल्या. अजिनाथ नेकनूरचा, ऊसतोडीला जाणारा, अंगानं धडधाकट. पाय सुजले, धाप लागली आणि बीडला मशीनवर रक्त धुणं सुरू झालं. त्याची बायको मंगल किडनी द्यायला पहिली उभी राहिली, पण तिचा रक्तगट जुळला नाही. सासरे गहिनीनाथ साखरेच्या आजारानं बाद झाले. उरली आई. वत्सलाबाईंचा गट जुळला तेव्हा म्हातारीनं दवाखान्यातच पदर खोचला, जणू लगेच काढून देणार होती.

डॉक्टरांनी सांगितलं, किडनी किती काम करते ते आधी बघू. रक्ताची तपासणी झाली, ती काठावरची आली. म्हणून एक मोठा डबा दिला. एका सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंतची सगळी लघवी त्यात धरायची, थेंबही बाहेर जाऊ द्यायचा नाही.

डबा न्हाणीत घमेल्यातल्या पाण्यात, ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवला. शेजारची छबुबाई डोकावलीच. वत्सलाबाई म्हणाल्या, गोमूत्र हाय. छबुबाई म्हणाली, मग वाटीभर मला बी दे, घरात शिंपडायला. मंगलला हसू आवरेना.

सकाळी मात्र ते हसू राहिलं नाही. डब्याचा तळच तेवढा भिजला होता. उसाच्या फडावर आडोसा नसतो म्हणून तोडणीच्या बाया दिवसभर पाणी पीत नाहीत. वत्सलाबाईंची जन्माची सवय घरीही सुटली नव्हती. एवढ्याशा पाण्यावर डॉक्टर किडनी निकामी म्हणतील, या धास्तीनं त्यांनी सुनेपुढे डबा धरला.

"तू बी जा ह्याच्यात."

"आत्या, आसं चालत न्हाई."

"लेकराचा जीव मोठा का तुजी लाज?"

मंगल न्हाणीत गेली. नंतरही एकदा गेली. मग डबा पिशवीत घालून दोघी एसटीत बसल्या.

पुढच्या खेपेला डॉक्टर कागद पुन्हा पुन्हा बघत राहिले. वत्सलाबाई एवढ्याशा, काडीसारख्या. माणसाच्या मांसातून रोज ठरावीक मळ लघवीत उतरतो, असं डॉक्टरांनी समजावलं. अंगात मांस जेवढं, तेवढाच मळ. या डब्यात तो दोन माणसांएवढा होता. डब्याच्या हिशेबानं म्हातारीची किडनी तरण्या पोरीसारखी ठरत होती.

"मावशी, ह्यात दुसऱ्या कुणाचं काही पडलं का?"

"समदं माजंच हाय," वत्सलाबाई म्हणाल्या, आणि सुनेकडे पाहिलं.

डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, खरं असेल तर फाईल पुढं पाठवतो. पण किडनी मुळात कमी असली आणि त्यातली एक काढली, तर ह्यांनाही मशीनवर बसावं लागेल.

मंगल गप्प राहिली तर धनी वाचत होता. आत्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर होता. कोयत्यानं वाकडी झालेली बोटं, त्यांनीच बाळंतपणात तिला अन्न भरवलं होतं. ती खाली बघून बोलली.

"त्यात माजं बी हाय, साहेब."

मग सुई टोचून, यंत्राखाली निजवून मोजणारी तपासणी झाली. किडनी चालत होती, पण त्या वयाला एक काढून देण्याएवढी नव्हती. वत्सलाबाईंना नाही म्हणून सांगितलं. अजिनाथचं नाव मेलेल्या माणसाची किडनी मिळायची वाट बघणाऱ्यांच्या यादीत गेलं.

येताना स्टँडवर नेकनूरची गाडी लागली तेव्हा म्हातारी म्हणाली, "कुकू तुजं व्हतं, मंगल. मी तर द्यायला निगाले व्हते. कावून बोललीस?"

मंगलनं पिशवी उचलली आणि आत्यांना खिडकीजवळ जागा धरून दिली.

अजिनाथला घरी कळलं तेव्हा तो आधी हसला. दोघी डॉक्टरला गंडवायला निघाल्या व्हत्या, म्हणाला. आईला मशीनवर बसवून मला काय गोड लागलं असतं? पण त्या दिवशी तो जेवला नाही, आणि पुढं मंगलशी बोलताना मध्येच थांबू लागला.

वत्सलाबाई सुनेच्या हातचं खात राहिल्या, पण तिला नावानं हाक मारणं त्यांनी सोडलं. सायलीची आई म्हणायच्या.

किडनी आली नाही. अजिनाथ दोन हजार पंचवीसच्या संक्रांतीनंतर चार दिवसांनी, बीडला, मशीनवर असतानाच वारला.