काळी मेहंदी

लहान मुलांनी केसांना रंग लावायचा नसतो, हे ज्योत्स्नाने आपल्या आठ वर्षांच्या मुलीकडून तीन आठवड्यांपूर्वीच पाठ करून घेतलं होतं. शाळेच्या गॅदरिंगसाठी दामिनीला जांभळे केस हवे होते, मोबाइलवरच्या कुठल्याशा पोरीचे होते तसे. ज्योत्स्नाने तिला समोर बसवून व्याख्यानच दिलं. रंगात रसायन असतं, लहान मुलांची कातडी नाजूक असते, अठरा वर्षांची झालीस की हिरवे कर नाहीतर निळे कर, मी विचारणार नाही. दामिनी दोन दिवस तोंड फुगवून बसली आणि मग विसरली. पोस्टाच्या काउंटरवर दिवसभर लोकांना समजावून ज्योत्स्नाची जीभ तयार झालेली, ती आठ वर्षांच्या पोरीपुढे थोडीच हरणार होती.

आणि बुधवारी संध्याकाळी सासूबाईंनी तिच्याच हातात काळ्या मेहंदीचं पाकीट ठेवलं.

"रविवारच्या आत लावून दे पोट्टीले," ललिताबाई म्हणाल्या. "अमरावतीचे पाहुणे येऊन राहिले."

कशाला, हे विचारायची गरजच नव्हती. दामिनीच्या कपाळाच्या वर, बरोबर मधोमध, जन्मापासून एक पांढरी बट होती, बोटभर रुंद. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, हा आजार नाही, काहींना असते अशी. पण डॉक्टर काही दर पाहुण्याच्या शेजारी येऊन बसत नाहीत. मार्चमध्ये मूर्तिजापूरचे लोक मायाला, म्हणजे ज्योत्स्नाच्या नणंदेला, पाहायला आले होते. पोहे खाऊन झाले, मायाच्या नोकरीची चौकशी झाली, सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं. तेवढ्यात दामिनी पाण्याचे ग्लास घेऊन आली, आणि मुलाच्या मावशीने विचारलं, "घरात कोड आहे काय कोणाले?" जाताना ते लोक कळवतो म्हणाले. आता डिसेंबर लागला होता, अजून त्यांचं कळवणं चालूच होतं.

"आई, आत्ताच तं मी तिले रंगाले नाही म्हटलं," ज्योत्स्ना म्हणाली.

"हा कुठी रंग आहे? मेहंदी आहे हे. झाडाचा पाला. मी पंधरा वर्षं झाले लावून राहिली, मले काय झालं?"

"तुमी मोठ्या आहा. ते लेकरू आहे."

"लेकराच्या हातावर नाही काढत काय मेहंदी? काईच्या काई बोलते तू!"

धर्मेंद्रने टीव्हीवरची नजर न हलवता आपलं मत दिलं. "मेहंदीच आहे ना? मग लावून टाक." ज्योत्स्नाच्या नवऱ्याची मतं नेहमी अशीच असायची, बातम्यांच्या मधल्या जाहिरातीत मावतील एवढी. तिने पाकीट फ्रिजवर ठेवलं आणि पोळ्यांना लागली. पण लक्ष सगळं त्या फ्रिजकडे.

गुरुवारी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. टपालावर शिक्का मारता मारता तिने एक शिक्का अंगठ्यावर मारून घेतला. समोरच्या म्हाताऱ्याने दोनदा विचारलं, बाई, रजिस्टर झालं काय, तेव्हा कुठे ती भानावर आली. सासूबाईंनी जबरदस्ती केली असती तर ती भांडली असती, भांडण तिला जमायचं. अडचण मायाची होती. दामिनी चार महिन्यांची असताना ज्योत्स्नाची रजा संपली, आणि पुढची तीन वर्षं मायाने त्या पोरीला मांडीवर घेऊन बी.एड.चा अभ्यास केला. पोरगी पहिला शब्द बोलली तो 'आत्या'. ज्योत्स्नाला त्याचा तेव्हा राग आला होता आणि नंतर त्या रागाची लाज वाटली होती. त्याच मायाला आता एकतिसावं सरत आलं होतं. ती धामणगाव रेल्वेला शाळेत शिकवायची, तिथेच खोली करून राहायची, सुटीला अकोल्याला यायची. मूर्तिजापूरवाल्यांबद्दल तिने आजवर एक अक्षर काढलं नव्हतं. ती काही बोलली असती तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

दोनदा ज्योत्स्नाने तिला फोन लावायला घेतला आणि दोनदा ठेवला. विचारायचं तरी काय? तुझ्या लग्नासाठी माझ्या पोरीचं डोकं रंगवू का? हो म्हटलं तरी मायाच वाईट, नाही म्हटलं तरी नुकसान मायाचंच. तिला या पेचात टाकायचं नाही, असं ज्योत्स्नाने स्वतःला सांगितलं, आणि आपण किती समजूतदार आहोत असंही घडीभर वाटून घेतलं. शिवाय मेहंदी तर मेहंदी. रंग वेगळा, मेहंदी वेगळी. बसमधून घरी येईपर्यंत तिने हे इतक्या वेळा म्हटलं की ते खरं वाटू लागलं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर तिने दामिनीला मोरीपाशी पाटावर बसवलं. गळ्याभोवती जुना टॉवेल गुंडाळला, वाटीत मेहंदी कालवली.

"काय लावून राहिली?"

"मेहंदी."

"कोणत्या रंगाची?"

"काळी."

दामिनीने मान वर केली. "काळा रंग नसते काय?"

"हे मेहंदी आहे म्हटलं ना. हलू नको."

"मग जांभळी मेहंदी आण ना."

"जांभळी नसते."

"पण काळा रंग असते आई. माह्या रंगपेटीत आहे."

पोस्टातली तयार जीभ इथे टाळूला चिकटली. "चूप बस," एवढंच ज्योत्स्नाला सुचलं, आणि जुन्या दातब्रशने तिने त्या बटेवर काळा लगदा चोपडायला सुरुवात केली. हात घाईघाईने चालत होता. कोणी यायच्या आत उरकायचं असावं तसा.

दहा मिनिटांनी दामिनी म्हणाली, "चावून राहिलं."

"मेहंदी थंड असते. थोडं थांब."

"थंड नाही लागत. गरम लागते."

"बस पाच मिनिटं, माही बाय."

पाचाची वीस झाली. मग धुतलं. वाळल्यावर पाहिलं तर बट गेली होती. सगळं डोकं एकसारखं काळं, कोणाच्याही पोरीचं असावं तसं. आणि ज्योत्स्नाला एकदम हलकं वाटलं. छाती मोकळी झाली, हसूही आलं. आठ वर्षं ती या केसांचा भांग रोज डावीकडे ओढत होती, बट झाकली जावी म्हणून. फोटो काढताना हेअरबँड घालत होती. हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. "किती बरी दिसून राहिली!" तिच्या तोंडून निघून गेलं.

दामिनी आरशात पाहत होती. "आधी नव्हती दिसत?"

"तसं नाही गं," म्हणत ज्योत्स्ना वरण पाहायला स्वयंपाकघरात गेली. वरण अजून चढवायचंच होतं.

शनिवारी सकाळी दामिनी डोकं खाजवतच उठली. दुपारपर्यंत कपाळावरची केसांची कड लालबुंद झाली आणि बारीक फोडांतून पाणी यायला लागलं. चार वाजता उजव्या डोळ्याची पापणी सुजली. ज्योत्स्नाने सासूबाईंकडे पाहिलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही, पोरीला स्कूटीवर पुढे उभं केलं आणि गोरक्षण रोडवरच्या त्वचारोगवाल्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

"काय लावलं होतं?"

"मेहंदी."

"कोणती?"

"काळी."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवला. "काळी मेहंदी असं काही नसतं हो. मेहंदीचा पाला लाल रंगतो. काळं होतं ते त्यात डाय असतो म्हणून. हिच्या हातावर कधी काळ्या मेहंदीची नक्षी काढली होती का?"

काढली होती. गेल्या उन्हाळ्यात हिवरखेडला लग्नात, बाकीच्या पोरींबरोबर. दोन दिवस हात खाजला होता आणि सगळ्यांनी उन्हाला नावं ठेवली होती.

"तेव्हापासूनच हिला तो चालत नाही. यापुढे आयुष्यात कधीच लावायचा नाही. वेळेवर आणलंत म्हणून पापणीच्या सुजेवर निभावलं."

घरी येऊन औषध दिलं, मलम लावलं. दामिनी झोपल्यावर ज्योत्स्नाने कचऱ्याच्या डब्यातून ते पाकीट काढलं, पुसलं आणि मागची बारीक अक्षरं दिव्याखाली नेऊन वाचली. केसांचा काळा रंग. सोळा वर्षांखालील मुलांसाठी वापरू नये. तिने ते तीनदा वाचलं. आठ वर्षांच्या पोरीने मोरीपाशी बसून जे विचारलं होतं, तेच तिथे छापलेलं होतं.

"कोणी विचारलं तं मधमाशी चावली सांगू," ललिताबाई दारातून म्हणाल्या. आवाज पार बसला होता. त्यांनी दुपारपासून काही खाल्लं नव्हतं, हे ज्योत्स्नाला दिसत होतं, तरी ती पाकिटावरचीच अक्षरं वाचत राहिली.

रविवारी दहाला माया स्टेशनवरून आली. "दामू कुठी आहे?" तिने चप्पल काढता काढताच विचारलं. "ताप आहे तिले, झोपू दे. तू तयार हो आधी," ललिताबाईंनी तिला आत लोटलं. ज्योत्स्नाने सांगायला तोंड उघडलं होतं. मायाने नवी साडी दाखवली, आणि ज्योत्स्नाने साडी छान आहे असं म्हटलं.

पाहुणे दोघंच होते. संघपाल आणि त्याची आई बेबीताई. जयभीम झाला, पाणी झालं, बेबीताईंनी शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांची थैली ललिताबाईंच्या हातात दिली. मग खोलीभर नजर फिरवून म्हणाल्या, "अन् ते पांढऱ्या बटेची पोट्टी कुठी आहे? आमी तं तिलेच पाहाले आलो."

ललिताबाईंनी संत्र्यांची थैली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मायानं फोनवर बोलणं निघालं त्या पहिल्याच दिवशी तिचा फोटो धाडला होता," संघपाल हसत म्हणाला. "म्हणे, आमच्या घरात ही आहे. आधी पाहून घ्या, पटत असलं तं या."

"घरची पोरगी पाहून कोण काय म्हणते, त्यावरूनच माणसं कळतात," माया म्हणाली. "वहिनी, उठवा ना तिले."

ज्योत्स्ना जागची हलली नाही. पण आपला विषय निघाला की दामिनी झोपेतही उठते. ती आतल्या दारात येऊन उभी होती, एक डोळा मिटलेला, कपाळावर पांढरं मलम, त्याच्यावर काळेभोर केस.

माया ताडकन उठली. "काय झालं इले?"

"मधमाशी..." ललिताबाईंनी सुरुवात केली.

"मधमाशी नाही," ज्योत्स्ना म्हणाली. "डाय लावला मी. बट दिसू नये म्हणून." चार दिवसांत पहिल्यांदा तिने त्या वस्तूला तिच्या नावाने हाक मारली होती.

माया नव्या साडीतच खाली बसली. तिने दामिनीला मांडीवर ओढलं आणि तिची हनुवटी धरून कपाळ पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "माह्यासाठी?" तिने विचारलं.

हो म्हणता आलं असतं. सगळ्यांनी ते मानलंही असतं. ज्योत्स्नाने मान हलवायला सुरुवातही केली होती, तेवढ्यात दामिनीने मायाला विचारलं, "आत्या, या पाहुण्यायले माहीत होतं?"

"हो रे राजा."

"आजीले माहीत आहे. बाबाले माहीत आहे. मग आपण कोणापासून लपवून राहिलो होतो?"

बेबीताई खिडकीबाहेर पाहू लागल्या. ललिताबाईंनी तोंडाला पदर लावला. दामिनी एका डोळ्याने सगळ्यांकडे पाहत होती, खरंच उत्तर हवं असल्यासारखी.

"माह्यापासून, बेटा," ज्योत्स्ना म्हणाली. "मलेच पाहवत नव्हती ते बट."

खोलीत सगळे ऐकत होते, तरी तिने ते आवाज न चोरता सांगितलं, आणि पोरीला घ्यायला दोन्ही हात पुढे केले. दामिनी मायाच्या मांडीवरून उठली नाही.