बापाचं नाक

थोरली म्हणजे बापाची हुबेहूब नक्कल. तेच नाक, तीच जिवणी. त्यामुळे बापाचा आजारही तिच्याच वाट्याला येणार, हे घरात केव्हाच ठरून गेलं होतं. चाळिशीत बापाचे हातपाय आपोआप हलू लागले, मग जीभ अडखळली आणि शेवटी माणूसच हातचा गेला. आजोबांचंही तेच झालेलं. धाकटी आईच्या वळणावर गेली होती, म्हणजे ती सुटली. डॉक्टरला विचारायच्या भानगडीत कुणी पडलंच नाही. घरचं शहाणपण पुरून उरत होतं ना!

थोरलीच्या हातून पेला निसटला की घर चिडीचूप व्हायचं आणि सगळ्यांचे डोळे तिच्या बोटांवर खिळायचे. "हात ओला होता," एवढंच म्हणून ती तुकडे गोळा करायची. लग्नाचं नावही तिनं कधी काढलं नाही. धाकटीनं मात्र बिनघोर संसार थाटला, घड्याळं दुरुस्त करण्यात नाव कमावलं, तिला एक मुलगीही झाली.

शेवटी थोरलीनं मनाचा हिय्या केला आणि रक्त तपासायला दिलं. निकालाच्या दिवशी धाकटी सोबत गेली, धीर द्यायला.

"तुमच्यात तो दोष नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दोघी बहिणी गळ्यात पडून रडल्या. डोळे पुसत धाकटी म्हणाली, "पण चेहरा तर अगदी बाबांचा आहे हो हिचा!"

"चेहऱ्याचा काय संबंध? दिसायला कुणासारखंही असो, प्रत्येक मुलाला धोका निम्मा-निम्मा. एकीला नाही म्हणून दुसरी सुटली असंही नाही, अडकली असंही नाही." बाई धाकटीकडे वळल्या. "तुमची तपासणी झालीय?"

धाकटीनं नकारार्थी मान हलवली. इतकी वर्षं तिनं ताईची कीव केली होती, अगदी मनापासून. आणि आता घरी लेक वाट बघत होती.

घरी आईनं थोरलीला जवळ घेतलं, किती वेळ सोडलंच नाही. धाकटी चहा घेऊन आली. लेकीपुढे कप धरताना तो निसटला आणि फरशीवर फुटला.

घर चिडीचूप झालं. थोरलीची नजर आपसूक धाकटीच्या बोटांवर गेली, आईचीही.

"हात ओला होता," धाकटी म्हणाली आणि कोरडे हात तिनं पाठीमागे लपवले.