दोरावर वाळत घातलेला रुमाल

मी एक जुना दोर आहे आणि मला राग आलेला आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, कारण जुन्या वस्तूंनी आपली कहाणी गोड आवाजात सांगावी अशी तुमची अपेक्षा असते. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असं तुम्ही हट्टी माणसांना म्हणता. मी तर जन्मानेच दोर. माझ्याकडून गोडव्याची आशा धरू नका.

घायपाताच्या वाखापासून मला एका बंदरावर वळलं. माझे सोबती कोळंबीच्या होड्यांवर गेले. त्यांनी जाळी ओढली, वादळात होड्या धरून ठेवल्या. मलाही तेच हवं होतं. माझ्या नशिबी मात्र अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लुईझियाना राज्यातल्या एका गावाचं नाचघर आलं.

तिथे गाण्याचा कार्यक्रम असला की मला दालनाच्या मधोमध, कमरेइतक्या उंचीवर ताणून बांधायचे. एक टोक मागच्या खांबाला, दुसरं स्टेजच्या मधल्या खुंटीला. माझ्या उजवीकडे गोरे, डावीकडे काळे. बँड काळ्यांचा, गाणं काळ्यांचं, ठेका काळ्यांचा, पण पंखे आणि खुर्च्या सगळ्या उजवीकडे. गाणं माझ्यावरून दोन्हीकडे सारखंच जायचं. माणसांनी जायचं नाही. होडी बांधायला दोर लागतो, गाय बांधायला लागतो, हे मला समजतं. पण नाचणाऱ्या पायांच्या मधे दोर? बेअक्कल कुठले!

डेल्फीन रोबिशो आमच्याच गावची. तिची आई ऑरेलिया, जिला सगळं गाव मिस ऑरेलिया म्हणायचं, गोऱ्यांच्या घरचे कपडे धुऊन, इस्त्री करून द्यायची. पोरगी चर्चमध्ये गाऊन तयार झाली आणि एका बँडबरोबर निघून गेली. सॅक्सोफोनच्या वर आवाज चढवायची, आणि ओळीचा शेवटचा शब्द असा खरवडून सोडायची की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. म्हाताऱ्या बायका नाकं मुरडायच्या, "सूर देवाचा आणि ठेका गुत्त्याचा! हे काय नवीनच?" मग तिची रेकॉर्ड निघाली, ‘चूल माझी, राख तुझी’. आयतोबा नवऱ्याला घराबाहेर काढणाऱ्या बाईचं गाणं. नाकं मुरडणाऱ्या बायकाही ते भांडी घासताना म्हणू लागल्या.

गावोगावच्या नाचघरांत ती गायली. हॉटेलं खोली देत नसत, म्हणून बसमध्ये झोपली. पण मिस ऑरेलियाने लेकीला स्टेजवर कधी पाहिलं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी, ऐन कार्यक्रमांच्या वेळी, लोकांचे रविवारी चर्चला घालायचे कपडे इस्त्रीला असत. एकोणीसशे त्रेपन्न सालच्या वसंतात डेल्फीन स्वतःचा बँड घेऊन गावात आली, तेव्हा म्हातारीने पहिल्यांदा शनिवारची इस्त्री बंद ठेवली.

कार्यक्रमाआधी नाचघराचा व्यवस्थापक, मिस्टर क्रेन्शॉ, मला ताणून बघत होता.

"डेल्फीन, ध्यानात ठेव. तोंड कायम गोऱ्यांकडे, उजवीकडे. तिकडे पाठ झाली तरी चालेल. त्यांना सवय आहे."

"मिस्टर क्रेन्शॉ, माझी आई आहे त्या बाजूला. मला गाताना बघायला आलीये."

"मग? आईला लेकीची पाठ ओळखू येत नाही होय?"

"पाठच तर बघत आलीये ती. दर वेळी मी घरातून निघते तेव्हा."

"तोंड चालवू नकोस. तिकडे वळलीस, तर या किनाऱ्यावर एकाही नाचघरात उभी राहणार नाहीस. मी बघून घेईन."

आणि तो ते करू शकत होता, हे तिलाही ठाऊक होतं. या नाचघरवाल्यांची आपसात एकी फार.

मिस ऑरेलिया जांभळी टोपी घालून आली आणि स्टेजजवळ, मला अगदी टेकून उभी राहिली. शेजारीण क्लोटिल्ड बरोबर होती. डेल्फीनने पहिलं गाणं उजवीकडे तोंड करून म्हटलं.

"अगं, ही तुझीच ना?" क्लोटिल्ड म्हणाली. "तोंड दाखव म्हणावं! का दुसऱ्याच कुणाची पाठ भाड्याने आणलीये?"

"माझीच आहे. फ्रॉक मागून किती चुरगळलाय बघ. बसमध्ये झोपते ना पोर." म्हातारीचा हात माझ्यावर होता. साबणाने सोललेला, खरखरीत हात.

दुसरं गाणं ‘चूल माझी’. पहिलं कडवं उजवीकडे झालं. मग डेल्फीन थांबली, मायक्रोफोन उचलला आणि सरळ डावीकडे वळली. आईकडे बघून तिने असा सूर लावला की पंख्यांचा आवाज बुडाला. क्रेन्शॉ पडद्याआडून हात उडवत होता. तिने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

मिस ऑरेलिया रडली. तिने रुमालाने डोळे पुसले, मान पुसली, रुमाल पिळला, आणि झटकून माझ्यावर वाळत घातला. वर पर्समधून लाकडी चिमटा काढून लावला.

पोलीस धावत आला. "ए म्हातारे, उचल ते!"

"का हो साहेब? दोरीच आहे ना? जन्मभर तुमच्या घरचे कपडे वाळत घातले. दोरी दुसऱ्या कशासाठी असते, तुम्हीच सांगा."

क्लोटिल्डने आपला स्कार्फ माझ्यावर टाकला. तिच्यामागून जाकिटं आली, टोप्या आल्या. तेवढ्यात उजवीकडून एक तांबड्या केसांचा पोरगा ओरडला, "मिस ऑरेलिया, माझाही कोट घ्या! तुम्हीच इस्त्री केलाय!" आणि त्यानेही कोट माझ्यावर टाकला. त्याच्यामागून आणखी कोट पडले. मी वाकलो, आणखी वाकलो, खुंटी निखळली आणि मी जमिनीवर पडलो. मित्रांनो, पडल्याचा एवढा आनंद कुठल्याही दोराला झाला नसेल! माझ्यावरून पाय इकडून तिकडे, तिकडून इकडे नाचत गेले.

फार वेळ नाही. पोलिसांनी दिवे लावले, मायक्रोफोनची वायर उपटली. डेल्फीन वायरीशिवाय गात राहिली, तिला मागच्या दाराने ढकलून काढेपर्यंत.

क्रेन्शॉने शब्द पाळला. किनाऱ्यावरच्या सगळ्या नाचघरांची दारं तिला बंद झाली. तिच्या रेकॉर्ड कंपनीने तेच गाणं एका गोऱ्या मुलीकडून म्हणून घेतलं. रेडिओवर दिवसरात्र तेच. मी तळघरात पडून ऐकत होतो. कोमट पाणी! त्यातली बाई नवऱ्याला बाहेर काढतच नव्हती, लाडिक विनवत होती. डेल्फीन कॅलिफोर्नियाला गेली, एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. एवढा आवाज, आणि समोर उकडलेले बटाटे. मला आजही संताप येतो.

आता त्या नाचघराचं संग्रहालय झालं आहे. मला मऊ ब्रशने झाडलं, हातमोजे घालून उचललं, काचेच्या पेटीत ठेवलं. खाली पाटी: ‘त्या काळातील दोर’. बस.

पेटी बंद करण्याच्या दिवशी एक म्हातारी काठी टेकत आत आली. दारात कुणाशी तरी बोलली, त्या आवाजावरूनच ओळखली मी.

"मॅडम, हात लावू नका," संग्रहालयाची तरुण बाई म्हणाली. "फार नाजूक आहे तो."

"नाजूक? हा?" डेल्फीन हसली, पण ते हसू नव्हतं. "द्या मला. अंगणात कपडे वाळत घालीन."

"नाही हो, जपायला हवा."

"दोर जपलात. माझं गाणं कुठे जपलंय, तेही दाखवा."

डेल्फीनने पर्समधून एक काळा पडलेला लाकडी चिमटा काढला आणि माझ्या अंगावर लावला. "माझ्या आईचा आहे. राहू द्या." त्या बाईने तो काढला नाही.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी वस्तू म्हणते, माझी काळजी घ्या. मी म्हणत नाही. माझी काळजी नको तितकी घेतली जाते. तुम्ही इथे आलात, तर काचेशी उभे राहा आणि मोठ्याने विचारा, हा चिमटा कोणाचा? पाटीवर लिहिलेलं नाही. कुणीतरी उत्तर देईपर्यंत विचारत राहा.