दोनशे सतरावी रांग

"काका, दोनशे सतरा आणि दोनशे अठरा हे दोन वाण जुळे भाऊ कसे निघाले?"

पट्टीकाकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि डोळ्यांवर न लावता खिशात ठेवला. "लॅबवाल्यांनी चिठ्ठ्या बदलल्या असतील, मॅडम," असं म्हणून ते पाण्याचा पाइप बघायला निघून गेले. पाइप ठणठणीत होता.

गव्हाच्या संशोधन केंद्रात काका एकतीस वर्षं मोजणीचं काम करत होते. हातात कायम लाकडी पट्टी, म्हणून पट्टीकाका. काकू सांगायच्या, "घरातल्या कुंड्यांनाही नंबर आहेत. जावई पहिल्यांदा आला तेव्हा दाराला टेकवून उभा केला त्याला!" उंची बेताची निघाली, तरी लग्न झालं.

माझं सगळं काम काकांच्या वह्यांवर उभं होतं. गव्हाचे तीनशे वाण, तीनशे रांगा. कोणत्या रांगेच्या पानांवर तांबेरा रोग किती पडला, ते काका डोळ्यांनी पाहून लिहीत. मी त्याच पानांची जनुकं तपासून घेतली होती. तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या वाणांत जनुकांची कुठली खूण सारखी आहे, हे आता संगणक शोधणार होता. ती सापडली की नव्या रोपाचं कोवळं पान तपासूनच ठरवता आलं असतं, हे ठेवायचं की उपटायचं. पुढची कितीतरी वर्षं वाचली असती. पण वहीतच खोट असेल, तर संगणक मुकाट्याने भलत्याच जागी बोट ठेवतो.

दुसऱ्या दिवशी काका माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात.

"चिठ्ठ्या नाही बदलल्या कुणी. नऊ वर्षांपूर्वी दोनशे सतरा उगवलाच नव्हता. केंद्र बघायला पाहुणे यायचे होते. रिकामी रांग बघून म्हणतील, याचं लक्ष नव्हतं. लाज वाटली. मी शेजारच्या रांगेतली रोपं उपटून नांग्या भरल्या."

रिकाम्या जागी शेजारची रोपं लावणं शेतात शहाणपणाचं असतं. प्रयोगात तो खोटेपणा. आणि त्याच रोपांचं बी पुढे दरवर्षी दोनशे सतरा म्हणून पेरलं गेलं.

मला काकांचा भयंकर राग आला. पण केंद्राच्या साहेबांनी ऐकल्यावर सरळ फर्मान काढलं, "एक रांग खोटी, तर बाकीच्या खऱ्या कशावरून? सगळ्या वह्या बाद करा. दोन हंगाम नव्याने मोजा." तेव्हा राग बाजूला राहिला. काकांच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते.

"माझं जे व्हायचं ते होऊ द्या, मॅडम," काका म्हणाले. "वह्या तेवढ्या ठेवा."

मुख्य केंद्राच्या शीतगृहात तीनशेही वाणांचं मूळ बी जपलेलं होतं. मी साहेबांच्या हातापाया पडून ते मागवलं आणि एकेक करून त्याची जनुकं आमच्या पानांशी ताडून पाहिली. दोन महिने लागले. दोनशे नव्व्याण्णव जुळले. मग दोनशे सतरा वगळून बाकीच्या नोंदी संगणकात घातल्या, तर जनुकांच्या आलेखात एकाच जागी उंच सुळका उठला, शोधत होतो ती खूण. अंदाजपंचे भरलेल्या आकड्यांतून असा सुळका उठत नसतो. साहेब पडद्याजवळ वाकले आणि म्हणाले, "वह्या राहू द्या." मी धावत जाऊन काकांना सांगितलं. त्यांनी पट्टी या हातातून त्या हातात घेतली.

नव्या हंगामात दोनशे सतराच्या जागी शीतगृहातून आलेले चाळीस दाणे पेरले. काकांनीच, स्वतःच्या हातांनी.

त्यांच्या शेवटच्या दिवशी नेमके पाहुणे आले. माळी घाईघाईने म्हणाला, "काका, ही रांग बोडकी दिसतेय. चार रोपं लावून टाकू का पटकन?"

"हात लावू नकोस."

पाहुण्यांतला एकजण थांबलाच. "ही रांग इतकी रिकामी का हो?"

सगळे काकांकडे बघायला लागले. काकांनी खिशातून चष्मा काढला, नीट डोळ्यांवर लावला आणि वही उघडून मोठ्याने वाचलं, "दोनशे सतरा. पेरले चाळीस, उगवले तीन."

मग ते गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश खाली बसले आणि तिन्ही रोपांची उंची मोजली.