शेगडी आणि काचेची दौत

या मित्रांनो, जरा जवळ सरका. माझ्या मनातलं पाप आज तुम्हाला सांगून टाकते.

मी एक जुनी पायशेगडी आहे. भोकं पाडलेला पत्र्याचा डबा, भोवती लाकडी चौकट, आत चुलीतले निखारे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या थंडगार चर्चमध्ये केझायाताई मला पायांखाली घेऊन बसे. पाळकबाबांचं प्रवचन बोलता बोलता गाण्यावर येई, तेव्हा माझे निखारेसुद्धा डोलत, असं मला वाटे!

पुढे तिचा धाकटा भाऊ जोथम माळ्यावर बसून कथा लिहू लागला. छातीत पाप लपवणाऱ्या माणसांच्या कथा. ताईने मला त्याच्या पायांशी दिलं. रविवारी चर्चमध्येही ती मला त्याच्याकडेच सरकवी.

पण कौतुक कोणाचं? काचेच्या दौतीचं! पाहुणे म्हणत, "वा, हिच्यातूनच कथा निघतात होय!" माझा नुसता जळफळाट होई.

एका जानेवारीत शाई गोठली. कथेचं शेवटचं पान दुपारच्या घोडागाडीने बोस्टनला गेलंच पाहिजे होतं. नाहीतर छापखाना दुसऱ्याची कथा घेणार होता.

"ताई, शाईचा दगड झालाय गं!"

"मग ठेव दौत शेगडीवर."

"आणि माझे पाय?"

"तुझे पाय लिहितात का रे कथा?"

झालं! सवत थेट डोक्यावर! 'फूट, मेले!' मी मनात म्हटलं. आणि खरंच तडकली हो! शाई भोकांतून आत सांडली, निखारे चुर्र विझले.

जोथमने डोकं धरलं. ताई मात्र खाली धावली. धुराड्याची काजळी, चेरीच्या झाडाचा डिंक आणि पाणी खलून तिने शाई केली. मग अंगावरची शाल काढून त्याच्या पायांना गुंडाळायला ती वाकली, आणि कितीतरी दिवसांनी मला तिचे पाय दिसले. थंडीने सुजलेले, जांभळे, भेगाळलेले. तीन हिवाळे माझी ऊब तिला मिळाली नव्हती, आणि मी एका काचेवर जळत बसले होते!

पान वेळेवर गेलं.

आज त्या घराचं संग्रहालय झालंय. डिंकाने सांधलेली दौत मखमलीवर बसते, मी दाराआड. खोटं कशाला बोलू, अजून थोडं जळतं. पण मित्रांनो, जोथमची कथा वाचाल तेव्हा मला नाही आठवलंत तरी चालेल. केझायाताईचे पाय तेवढे आठवा. आणि तुमच्या घरी कोणाचे पाय गार आहेत, तेही एकदा वाकून बघा.